व्यवसायाच्या वेब अ‍ॅप्लिकेशनसाठी भाषा कोणती: जावा, सी शार्प, पायथन, पीएचपी, टाइपस्क्रिप्ट की गो?

कच्चाखर्डा

कंपनीच्या अंतर्गत कामासाठी नवीन वेब अ‍ॅप्लिकेशन लिहायचं आहे. ऑर्डर, साठा, बिलं, क्रेडिट नोट, दोन-तीन पायऱ्यांची मंजुरी आणि महिनाअखेरचे रिपोर्ट एवढा आवाका. साधारण ६० ते ७० टेबलं, वापरणारे ३००, त्यातले एका वेळी जेमतेम ४०. डेटाबेस पोस्टग्रेस, हे ठरलेलं आहे. टीम पाच जणांची: दोघांचा हात पीएचपीवर बसलेला, दोघांचा जावास्क्रिप्टवर, एकाला जावा चांगलं येतं. पायथन सगळ्यांना थोडं थोडं. सी शार्प आणि गो कुणालाच नाही, पण शिकायची तयारी आहे.

तुलनेचे जे तक्ते सापडतात ते सगळे 'सेकंदाला किती रिक्वेस्ट' यावर अडकलेले असतात. मला वेगळं हवं आहे. पैशांचा हिशेब कुठे बिघडतो? अर्धवट सेव्ह झालेला डेटा कशामुळे तयार होतो? मोठा रिपोर्ट चालू असताना बाकीच्यांचं काम का थांबतं? आणि दहा वर्षं चालवायचं तर अपग्रेडचा ताण कुठे जास्त? भाषेनुसार यात नेमका काय फरक पडतो ते सांगावं. 'सगळ्या भाषा सारख्याच, जी येते ती वापरा' एवढ्यावर सोडू नये ही विनंती.

ताळेबंद

वेगाचं आधी निकालात काढू. ४० माणसं, प्रत्येकाची दर ५ सेकंदांनी एक क्लिक, म्हणजे सेकंदाला ८ रिक्वेस्ट. तुमच्या यादीतली कुठलीही भाषा दोन कोअरच्या साध्या सर्व्हरवर हे पेलते. वेळ जाईल तो डेटाबेसमध्ये, आणि तो भाषा बदलून वाचत नाही.

बिलं आहेत म्हटल्यावर भाषेला पहिला प्रश्न असा विचारायचा: तुझ्याकडे दशमान आकडा आहे का? फ्लोट आणि डबल हे अपूर्णांकांचे नेहमीचे प्रकार आकडा द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) ठेवतात, आणि ०.१ द्विमानात नेमका बसत नाही. म्हणूनच ०.१ अधिक ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. पैशाच्या कॉलमला डेटाबेसमध्ये न्यूमरिक आणि कोडमध्ये डेसिमल, याला अपवाद नाही.

या कसोटीवर सी शार्प सगळ्यात पुढे. डेसिमल हा प्रकार भाषेतच आहे, १२८ बिटांचा, २८-२९ सार्थ अंकांचा, आणि नेहमीच्या अधिक-वजा चिन्हांनी चालतो. जावामध्ये बिगडेसिमल आहे, भक्कम आहे, पण तीन खड्डे लक्षात ठेवावे लागतात. एक, बिगडेसिमल तयार करताना ०.१ हा डबल म्हणून दिला तर डबलमधली चूक जशीच्या तशी आत येते. आकडा अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग (मजकूर) म्हणून द्यायचा. दोन, 'इक्वल्स' दशांश स्थळंही तपासतं, त्यामुळे २.० आणि २.०० त्याच्या लेखी वेगळे. तुलना 'कंपेअर टू'नेच करायची. तीन, १० भागिले ३ राउंडिंग न सांगता केलं तर एक्सेप्शन (काम तिथेच थांबवणारी एरर) येतं. हा तिसरा खड्डा खरं तर गुण आहे, कारण राउंडिंगचा निर्णय तुम्हाला लेखी घ्यायला लावतो.

पायथनचं डेसिमल मॉड्यूल उत्तम, डिफॉल्ट २८ अंक. पीएचपीत बीसीमॅथ आहे, ते आकडे स्ट्रिंगमध्ये ठेवतं आणि बेरजेलाही फंक्शन लागतं, ८.४ या आवृत्तीत (नोव्हेंबर २०२४) त्याचा ऑब्जेक्ट आला आणि त्यावर साधी चिन्हं चालू लागली. जावास्क्रिप्टमध्ये, आणि म्हणून तिच्यावर टाइप चढवलेल्या टाइपस्क्रिप्टमध्येही, दशमान प्रकार नाही. गोच्या स्टँडर्ड लायब्ररीतही नाही. दोन्हीकडे बाहेरची लायब्ररी घ्यावी लागते, आणि मग एखाद्या कोपऱ्यात कुणीतरी साधा नंबर वापरतो, तिथून गळती सुरू होते.

आता राउंडिंग. इथेच घोडं पेंड खातं. 'बरोब्बर मध्यावरचा आकडा कुठे न्यायचा' याबद्दल सगळ्या भाषांचं डिफॉल्ट सारखं नाही:

सी शार्पचं मॅथ डॉट राउंड आणि पायथनचं राउंड २.५ ला २ करतात, म्हणजे जवळच्या सम अंकाकडे जातात. पीएचपी ३ करते. जावास्क्रिप्टचं मॅथ डॉट राउंडही ३ करतं, पण उणे २.५ ला मात्र उणे २ करतं. क्रेडिट नोटचे आकडे ऋण ठेवणार असाल तर मूळ बिल आणि त्याची क्रेडिट नोट एकमेकांना रद्द करणार नाहीत. पोस्टग्रेसचं राउंड न्यूमरिक आकड्यावर शून्यापासून दूर जातं. म्हणजे तोच आकडा पायथनमध्ये राउंड केला तर एक उत्तर आणि रिपोर्टच्या क्वेरीत केला तर दुसरं.

प्रत्यक्ष बघा. तीन ओळींचं बिल, प्रत्येक ओळ १०.०५ ची, कर १० टक्के. ओळीचा कर १.००५. मध्यावरून वर नेलं तर १.०१, तीन ओळींचे ३.०३. सम अंकाकडे नेलं तर १.००, तीन ओळींचे ३.००. बेरीज करून मग कर काढला तर ३०.१५ वर ३.०१५, म्हणजे ३.०२. एकाच बिलाची तीन उत्तरं, आणि एकाही ठिकाणी प्रोग्राम 'चुकलेला' नाही. जावास्क्रिप्टमध्ये १.००५ ला 'टू फिक्स्ड' लावून दोन स्थळं मागितली तर १.०० मिळतात, पण ते सम अंकाच्या नियमाने नव्हे. डबलमध्ये तो आकडा मुळातच १.००५ पेक्षा किंचित कमी साठवलेला असतो.

म्हणून भाषा कुठलीही घ्या, राउंडिंगचं एकच फंक्शन ठेवा, त्यात नियम स्पष्ट लिहा, आणि ओळीवर राउंड करायचं की बेरजेवर हे हिशेब खात्याकडून लेखी घ्या. माझा कौल सी शार्प किंवा जावा.

मधलीओळ

पैशांबद्दलचं सगळं मान्य. पण एवढ्यासाठी जावा हा निष्कर्ष मला पटत नाही. राउंडिंगचं फंक्शन एकदाच लिहायचं असतं, ६० टेबलांचे स्क्रीन मात्र रोज लिहायचे असतात. तुलना फ्रेमवर्कची, म्हणजे भाषेवर उभ्या केलेल्या तयार सांगाड्यांची करा.

जँगो (पायथन): अशा अ‍ॅप्लिकेशनमधली निम्मी टेबलं मास्टर असतात: युनिट, गोदाम, विभाग, कराचे दर, मंजुरीच्या पायऱ्या. जँगोत मॉडेल लिहून रजिस्टर केलं की अ‍ॅडमिनमध्ये यादी, शोध, फिल्टर, फॉर्म सगळं तयार मिळतं, आणि प्रत्येक मॉडेलला बघणे, भरणे, बदलणे, पुसणे अशा चार परवानग्या आपोआप. मॉडेल बदललं की मायग्रेशनची (डेटाबेसची रचना बदलणारी) फाइलही तोच बनवतो. पण दोन ठिकाणी जपून. 'फक्त आपल्या विभागाच्या ऑर्डर दिसाव्यात' ही ओळीच्या पातळीवरची परवानगी तयार मिळत नाही, ती लिहावी लागते. आणि डिफॉल्टमध्ये प्रत्येक क्वेरी लगेच कमिट (कायमची पक्की) होते. ऑर्डर सेव्ह झाली, तिसऱ्या ओळीवर एरर आली, तर पहिल्या दोन ओळी डेटाबेसमध्ये तशाच राहतात. 'अ‍ॅटॉमिक रिक्वेस्ट्स' हे सेटिंग चालू करा, नाहीतर प्रत्येक व्यवहार 'ट्रान्झॅक्शन डॉट अ‍ॅटॉमिक'मध्ये गुंडाळा, म्हणजे सगळं सेव्ह होईल किंवा काहीच नाही. शिवाय अ‍ॅडमिन मास्टर टेबलांपुरताच ठेवा. मंजुरीचा प्रवाह त्यात कोंबायला गेलात तर वाचलेला वेळ व्याजासकट परत द्यावा लागतो.

लारावेल (पीएचपी): तुमच्या टीममध्ये दोघांचा हात बसलेला आहे, याचं वजन मोठं. रांग (मागाहून करायच्या कामांची), शेड्यूल, मेल, व्हॅलिडेशन, मायग्रेशन सगळं आत आहे. पीएचपी-एफपीएमची (सर्व्हरवर पीएचपी चालवणाऱ्या नेहमीच्या व्यवस्थेची) एक गोष्ट लोक लक्षात घेत नाहीत: रिक्वेस्ट संपली की तिची सगळी मेमरी मोकळी, पुढची रिक्वेस्ट कोऱ्या पाटीवर. एका माणसाचा डेटा चुकून ग्लोबल व्हेरिएबलमधून दुसऱ्याला दिसणं हा जावा, नोड (सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट), गो यांतला भयंकर बग इथे जवळपास होतच नाही. अपवाद रांगेतली कामं करणाऱ्या वर्कर प्रोसेसचा. तो सतत चालू असतो आणि जुना कोड मेमरीत धरून बसतो. डिप्लॉय केलं (नवा कोड सर्व्हरवर चढवला), स्क्रीन नवीन झाले, पण बिलाची मेल जुन्याच नमुन्यात जाते, तेव्हा 'क्यू रीस्टार्ट' राहिलेलं असतं. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर स्ट्रिक्ट टाइप्स (प्रकार काटेकोर तपासायला लावणारी ओळ) लिहा आणि पीएचपीस्टॅन (कोड न चालवता चुका शोधणारं साधन) पहिल्या दिवसापासून लावा. दोन वर्षांनी लावायला गेलात तर हजारो इशाऱ्यांचा ढीग समोर येतो.

स्प्रिंग बूट (जावा): कोड जास्त, पण कॉलमचं नाव किंवा प्रकार बदलला तर कंपाइलर तुटलेल्या जागा दाखवतो. दहा वर्षांच्या कोडला हा आधार मोठा आहे, हे मान्यच करायला हवं. मात्र मेथड ट्रान्झॅक्शनमध्ये चालवणाऱ्या 'ट्रान्झॅक्शनल' या अ‍ॅनोटेशनचे दोन सापळे सगळ्यांना पाठ हवेत. त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडमधून हाक मारली तर ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही, कारण हाक प्रॉक्सीतून (ट्रान्झॅक्शन सुरू करणाऱ्या स्प्रिंगच्या मधल्या थरातून) जात नाही. आणि चेक्ड एक्सेप्शन (कोडमध्ये आधी जाहीर करावं लागणारं) आलं तर डिफॉल्टमध्ये रोलबॅक होत नाही, म्हणजे बदल मागे घेतले जात नाहीत, उलट कमिट होतं! 'रोलबॅक फॉर' स्पष्ट लिहावं लागतं. कोड वाचताना दोन्ही चुका दिसत नाहीत.

एएसपी डॉट नेट कोअर (सी शार्प): त्याच्या एंटिटी फ्रेमवर्क या डेटाबेस लायब्ररीत एक 'सेव्ह चेंजेस' म्हणजे एक ट्रान्झॅक्शन, त्यामुळे अर्धवट सेव्ह होण्याचा धोका मुळातच कमी. २०१६ पासून लिनक्सवर चालतो, पोस्टग्रेसशी जमतं. यादीतली ही सगळ्यात संतुलित निवड ठरली असती, पण पाचांपैकी एकालाही येत नाही. चुका करायला पहिले सहा महिने राखून ठेवता येत असतील तरच.

गो: तुमच्या कामासाठी नको. एकच बायनरी, डिप्लॉय सोपं, मेमरी कमी, सगळं खरं. पण फॉर्म, परवानग्या, अ‍ॅडमिन, मायग्रेशन हे तुकडे गोळा करून जोडावे लागतात. शिवाय गोमध्ये न आलेल्या फील्डची किंमत शून्य होते. जेसनमध्ये (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात डेटा पाठवायच्या मजकुरी नमुन्यात) 'सवलत' हे फील्ड आलंच नाही की शून्य आलं हे साध्या स्ट्रक्टमध्ये कळत नाही, त्यासाठी पॉइंटर ठेवावा लागतो. अर्धवट बदल पाठवणाऱ्या फॉर्ममध्ये त्याने जुनी सवलत पुसली जाते.

कच्चाखर्डा

खूप उपयोगी. गो आणि सी शार्प बाजूला ठेवतो. पण टीममधल्या दोघांचं म्हणणं आहे की स्क्रीन जावास्क्रिप्टच्या रिअ‍ॅक्टमध्येच होणार, मग मागे सर्व्हरवरही टाइपस्क्रिप्ट ठेवू, म्हणजे टाइप एकदाच लिहायचे. यात तथ्य किती?

दोरखंड

तथ्य आहे, पण जितकं वाटतं त्याच्या निम्मं.

टाइपस्क्रिप्टचे टाइप कंपाइल होताना पुसले जातात. चालू प्रोग्राममध्ये ते नसतात. 'नग' हा नंबर आहे असं तुम्ही लिहिलंत आणि ब्राउझरकडून '१२' ही स्ट्रिंग आली, तर टाइपस्क्रिप्ट काहीच बोलत नाही. म्हणून बाहेरून येणारा प्रत्येक डेटा, मग तो ब्राउझरचा असो, फाइलचा असो की दुसऱ्या सिस्टिमचा, झॉडसारख्या लायब्ररीने तपासूनच आत घ्यायचा. टाइपही त्या तपासणीच्या स्कीमावरूनच (डेटाच्या नमुन्यावरूनच) काढायचे, म्हणजे 'एकदाच लिहायचे' हे वचन खरोखर पाळलं जातं.

तुमच्या कामात हमखास भेटणारी चूक दाखवतो. नोडचा पोस्टग्रेस ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) न्यूमरिक आणि बिगइंट (मोठे पूर्णांक) हे कॉलम डिफॉल्टमध्ये स्ट्रिंग म्हणून देतो. त्याचं बरोबरच आहे, कारण नंबरमध्ये टाकले तर अचूकता जाईल. पण मग १० आणि २० या दोन रकमांना अधिक चिन्ह लावलं की उत्तर येतं १०२०. रागाने कुणीतरी ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये 'पार्स फ्लोट' लावतो, बेरीज ३० दिसते, सगळे खूश, आणि ताळेबंद यांनी वर सांगितलेली गळती अख्ख्या अ‍ॅप्लिकेशनभर सुरू होते. योग्य जागा एकच: ड्रायव्हरच्या त्याच सेटिंगमध्ये डेसिमल लायब्ररीचा ऑब्जेक्ट बनवा.

मागे जावा ठेवलं आणि पुढे ब्राउझर, तरी ही बाजू सुटत नाही. जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने धरतो. ९००७१९९२५४७४०९९३ हा आयडी जेसनमधून नंबर म्हणून पाठवला तर ब्राउझरमध्ये शेवटचा अंक २ होतो, आणि 'सेव्ह' दाबल्यावर दुसऱ्याच रेकॉर्डची मागणी जाते. एक, दोन, तीन असे वाढणारे आयडी असतील तर तिथवर पोचणार नाहीत. पण वेळ आणि मशीन नंबर जोडून बनवलेले ६४ बिटांचे आयडी पोचतात. मोठे आयडी आणि रकमा जेसनमध्ये स्ट्रिंग म्हणूनच पाठवा. जँगोवरचं रेस्ट फ्रेमवर्क डेसिमल डिफॉल्टमध्ये स्ट्रिंग करूनच पाठवतं, ते याचसाठी.

तारखांचंही तसंच. जावास्क्रिप्टमध्ये '२०२४-०३-३१' एवढंच दिलं तर ती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरली जाते. पुढे वेळ जोडली, म्हणजे '२०२४-०३-३१टी००:००' दिलं, तर स्थानिक वेळ. यूटीसीच्या मागे असलेल्या टाइमझोनमध्ये पहिला प्रकार ३० मार्च दाखवतो, आणि बिल महिन्याच्या नव्हे तरी दिवसाच्या चुकीच्या खान्यात पडतं. बिलाची तारीख ही नुसती तारीख आहे, क्षण नाही. ती शेवटपर्यंत स्ट्रिंग ठेवा आणि डेटाबेसमध्ये डेट कॉलमला द्या. जावात यासाठी २०१४ च्या जावा ८ पासून 'लोकल डेट' हा वेगळा प्रकार आहे, त्यामुळे गोंधळ मुळातच टळतो.

आणि मोठा रिपोर्ट. नोडमध्ये तुमचा कोड एका थ्रेडवर चालतो, म्हणजे एका वेळी एकच गणित. ५०,००० ओळींची एक्सेल फाइल बनवायला ८ सेकंद गणित लागत असेल, तर ती ८ सेकंद त्या प्रोसेसवरच्या सगळ्यांचे स्क्रीन गोठतात, लॉगिनसुद्धा. असिंक लिहिल्याने हे सुटत नाही, कारण थांबायचं कारण डेटाबेसची वाट बघणं नसून गणित असतं. रिपोर्ट वेगळ्या वर्कर प्रोसेसमध्ये काढा. नोड घ्यायचं तर हे पहिल्या दिवशी.

रातपाळी

रिपोर्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये हे नोडपुरतं नाही, सगळ्यांनाच लागू. जावात अपाची पीओआय या एक्सेल लायब्ररीची साधी वर्कबुक अख्खी फाइल मेमरीत धरते. दोघांनी एकदम वर्षाचा रिपोर्ट मागितला की मेमरी संपते आणि सगळ्यांचंच अ‍ॅप्लिकेशन पडतं. तिचीच एसएक्सएसएसएफ वर्कबुक वापरा, ती डिफॉल्टमध्ये १०० ओळीच मेमरीत ठेवते. पायथनच्या ओपनपायएक्सएल या एक्सेल लायब्ररीत 'राइट ओन्ली' मोड. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात हेही ध्यानात असू द्या.

आता डेटाबेसकडचं, जिथे भाषेपेक्षा तिच्या सवयी नडतात.

पानावर ५० ऑर्डर. प्रत्येकीचा ग्राहक आणि ओळी दाखवायच्या. ओआरएमला (ऑब्जेक्टवरून क्वेरी बनवणाऱ्या थराला) काही न सांगता लूप लावला तर १ क्वेरी यादीची, ५० ग्राहकांच्या, ५० ओळींच्या. ऑर्डरला सरासरी ६ ओळी आणि प्रत्येक ओळीच्या वस्तूचं नाव हवं असेल तर आणखी ३००. एकूण ४०१. एका क्वेरीला २ मिलिसेकंद धरले तरी ८०० मिलिसेकंद नुसते ये-जा करण्यात जातात. डेव्हलपरच्या मशीनवर ५ ऑर्डर असतात, म्हणून दिसत नाही. सगळं मोजक्या क्वेरींत आणायला जँगोत 'सिलेक्ट रिलेटेड' आणि 'प्रीफेच रिलेटेड', लारावेलमध्ये 'विथ', जावाच्या हायबरनेट या ओआरएममध्ये 'जॉइन फेच'. लारावेलमध्ये 'प्रिव्हेंट लेझी लोडिंग' चालू केलं की अशी चूक थेट एरर देते. डेव्हलपमेंटला ते चालूच ठेवा. हायबरनेटमध्ये आणखी एक वळण आहे: कलेक्शनला जॉइन फेच लावून पानांचं विभाजन केलं तर तो सगळ्या ओळी आणून मेमरीत पान कापतो. लॉगमध्ये इशारा देतो, पण लॉग वाचतो कोण. आधी ५० आयडी आणा, मग त्यांचा तपशील.

कनेक्शनचं गणित. पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. स्प्रिंग बूटचा हिकारी पूल (तयार कनेक्शनचा संच) डिफॉल्ट १० कनेक्शन उघडतो. वेबच्या ४ प्रती आणि वर्करच्या २, म्हणजे ६०. ठीक दिसतं. पण न थांबवता डिप्लॉय करताना जुन्या आणि नव्या प्रती काही क्षण एकत्र चालतात: १२०. नेमकं त्याच वेळी 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी', आणि पाच मिनिटांनी बघायला जावं तर सगळं सुरळीत! एवढ्या वापराला प्रत्येक प्रतीत ५ कनेक्शन पुरतात. पीएचपी आणि जँगोचं उलट: डिफॉल्टमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला नवीन कनेक्शन उघडून बंद होतं. तुमच्या सेकंदाला ८ रिक्वेस्टना चालेल. पुढे वाढलं तर मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा प्रोग्राम) बसवा.

रांगेचा सापळा, सगळ्या भाषांत सारखाच. ट्रान्झॅक्शनच्या आत 'बिलाची मेल पाठव' हे काम रांगेत टाकलं, वर्कर रिकामाच होता, त्याने कमिट होण्याआधीच उचललं. त्याला बिल सापडत नाही, काम फेल. कधी होतं, कधी नाही. जँगोत 'ऑन कमिट', लारावेलमध्ये 'आफ्टर कमिट', स्प्रिंगमध्ये 'ट्रान्झॅक्शनल इव्हेंट लिसनर' हाच त्यावर उपाय.

आणि साठा. शिल्लक १०. दोघांनी एकदम ७-७ नगांची ऑर्डर केली. दोन्ही रिक्वेस्टनी १० वाचले, दोघींनी ३ लिहिले. १४ नग विकले गेले, शिल्लक ३ दिसते. वाचून, वजा करून, परत लिहिणं हाच दोष. एकाच अपडेटमध्ये 'शिल्लक वजा ७, जिथे शिल्लक किमान ७' असं लिहा आणि किती ओळी बदलल्या ते बघा. शून्य आलं तर 'साठा अपुरा'. कुठल्याही भाषेत दोन ओळींचं काम.

ताळेबंद

दहा वर्षांचा प्रश्न राहिला. वेळापत्रक असं आहे: जावाची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी (२०२१ ला १७, २०२३ ला २१, २०२५ ला २५). डॉट नेटची दीर्घ मुदतीची तीन वर्षं चालते. पायथनची प्रत्येक आवृत्ती पाच वर्षं. पीएचपीची दोन वर्षं पूर्ण आधार आणि पुढची दोन फक्त सुरक्षेचे बदल. नोडची सम क्रमांकाची आवृत्ती सुमारे अडीच वर्षं.

पण खरी धाव फ्रेमवर्कची असते. जँगोची दीर्घ मुदतीची आवृत्ती तीन वर्षं चालते; ५.२ एप्रिल २०२५ ची, म्हणजे एप्रिल २०२८ पर्यंत. दहा वर्षांत तीन-चार उड्या. लारावेल दर वर्षी नवीन, सुरक्षेचे बदल दोन वर्षं. याचा अर्थ अपग्रेडचं काम दर वर्षीच्या नियोजनात धरायचं, तुंबवायचं नाही. स्प्रिंगही निवांत नाही: स्प्रिंग बूट ३ ला (नोव्हेंबर २०२२) किमान जावा १७ लागलं, आणि 'जावाएक्स'ची पॅकेजं 'जकार्ता' झाली, त्यामुळे ज्या जुन्या लायब्ररीने नाव बदललं नाही ती तिथेच अडली.

बाहेरच्या लायब्ररी जितक्या जास्त तितका हा ताण जास्त. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या भांडारातून काढलं गेलं आणि त्यावर अवलंबून असलेले अनेक प्रकल्प बिल्ड होईनात. जावावाल्यांनी हसू नये. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीतल्या सुरक्षेच्या छिद्राने सगळ्यांची झोप उडवली, आणि त्रास त्यांना जास्त झाला ज्यांना आपल्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये ती लायब्ररी आहे की नाही हेच ठाऊक नव्हतं. लॉक फाइल (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) कोडबरोबरच जतन करा, आणि कुठली लायब्ररी कशासाठी घेतली याची एक ओळ लिहून ठेवा.

मधलीओळ यांचं एक म्हणणं मात्र मी मानतो: तुमच्या टीमला जावाचा जाणकार एकच आहे. तो रजेवर असताना 'ट्रान्झॅक्शनल'ची चूक कुणालाच दिसणार नाही. या टीमसाठी माझं पहिलं मत आता लारावेल, दुसरं जँगो.

कच्चाखर्डा

लारावेल आणि जँगो या दोन्हींवर आलो. नुसत्या चर्चेने ठरवण्यापेक्षा छोटा नमुना दोन्हीकडे करून बघायचा विचार आहे. त्यात काय घ्यावं?

मधलीओळ

लॉगिन आणि यादी-फॉर्म घेऊ नका, ते दोन्हीकडे छानच दिसेल. सगळ्यात अडचणीचा उभा काप घ्या: ऑर्डर मंजूर झाली, साठा कमी झाला, बिल बनलं, मेल गेली, क्रेडिट नोट निघाली. दोन-दोन जण, प्रत्येकी पाच दिवस, दोन्हीकडे तेच दहा टेबलांचं स्कीमा. पाचवा माणूस दोन्ही टीमच्या बाहेर ठेवा, तपासायला.

चौथ्या दिवशी त्याने हे करायचं. १०.०५ च्या तीन ओळींचं बिल काढून कर हिशेब खात्याच्या नियमाप्रमाणे येतो का, आणि त्याची पूर्ण क्रेडिट नोट काढल्यावर शिल्लक नेमकी शून्य होते का ते बघायचं. 'मंजूर' बटण एकदम दोनदा दाबायचं. बिल एकच बनलं पाहिजे. १० शिलकीवर ७-७ च्या २० रिक्वेस्ट एकत्र सोडायच्या. एकच यशस्वी व्हायला हवी. बिल बनत असताना तिसऱ्या ओळीनंतर मुद्दाम एरर टाकायची आणि डेटाबेसमध्ये काही उरलं का बघायचं. ऑर्डरच्या टेबलात २ लाख ओळी भरून यादीचं पान उघडायचं आणि क्वेरी मोजायच्या. १० च्या वर गेल्या तर कारण शोधायचं.

पाचव्या दिवशी सकाळी नियम बदला: मंजुरीत एक पायरी वाढवा आणि ऑर्डरच्या टेबलात 'गोदाम' हा सक्तीचा कॉलम घाला. आधीच्या २ लाख ओळींना किंमत देऊन. मायग्रेशन तीन टप्प्यांत लिहावं लागेल: रिकामा चालणारा कॉलम, मग तुकड्यातुकड्यांनी भरणं, मग सक्ती. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची रचना बदलणारे आदेशही ट्रान्झॅक्शनमध्ये चालतात, त्यामुळे मध्ये फसलं तर मागे येता येतं. दुपारी हा बदल दुसऱ्या जोडीतल्या माणसाकडून वाचून घ्या, लिहिणाऱ्याने तोंडाने काहीही न समजावता. कुठल्या कोडमध्ये त्याला 'साठा नेमका कुठे कमी होतो' ती जागा आधी सापडली, ते घड्याळ लावून लिहून ठेवा.